एरोजेल : जेलीचा सांगाडा वाचवण्याची गोष्ट 🧵

१/ धूमकेतूची धूळ पृथ्वीवर आणायची होती. पण ती यानावर आदळणार होती सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने. कठीण पृष्ठभागावर तिचे कण वितळून नष्ट झाले असते. त्यांना झेलण्यासाठी नासाने निवडलेला पदार्थ १९३१ सालचा होता. त्याचा हा इतिहास.

२/ आरंभ १८४६ चा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एबेलमेन यांनी सिलिकॉन क्लोराइड व अल्कोहोल यांपासून केलेला द्रव दमट हवेत हळूहळू घट्ट होत काचेसारखा पारदर्शक झाला. भट्टीविना काच!

३/ या प्रक्रियेला आज ‘सोल-जेल’ म्हणतात. द्रवात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, तो सोल. ते कण जोडले जाऊन जाळे विणतात आणि द्रव त्यात अडकतो, ते जेल.

४/ खरी अडचण वाळवण्याची. द्रव उडून जाताना त्याचा पृष्ठताण छिद्रांच्या भिंती आत खेचतो. जेल आकसते, तडकते. बुटांच्या खोक्यातील पुडीत असतात ते सिलिका जेलचे खडे असेच आकसलेले.

५/ कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमधील सॅम्युअल किस्टलर यांना प्रश्न पडला : द्रव काढून घेतला, तरी हा सांगाडा मूळ आकारात उभा राहील का?

६/ पृष्ठताण द्रव आणि वायू यांच्या सीमेवर असतो. किस्टलरांनी ती सीमाच पुसली. क्रांतिक तापमान व दाबापलीकडे द्रव-वायू हा भेद उरत नाही. मग दाब हळूहळू उतरवला, की सांगाडा शाबूत राहतो. मात्र इतक्या तप्त पाण्यात सिलिकाच विरघळते. म्हणून त्यांनी जेलमधील पाण्याची जागा आधी अल्कोहोलला दिली.

७/ १९३१ मध्ये ‘नेचर’ने हे संशोधन छापले. मोन्सँटो कंपनीने उत्पादनही केले. पण धुण्या-बदलण्याची पद्धत वेळखाऊ होती. १९६० च्या दशकात ल्यों येथे तेशनेर यांच्या गटाने एबेलमेनच्या द्रवाचाच भाऊबंद थेट अल्कोहोलात वापरून आठवड्यांचे काम तासांवर आणले. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही सिलिका एरोजेलवर संशोधन झाले.

८/ २ जानेवारी २००४ रोजी ‘स्टारडस्ट’ यान वाइल्ड-२ धूमकेतूजवळून गेले. एरोजेलमध्ये गाजराच्या आकाराच्या खुणा उमटल्या. त्यांच्या टोकांशी धूमकेतूचे कण विसावले होते. १५ जानेवारी २००६ रोजी ते पृथ्वीवर पोहोचले. किस्टलरांनी वाचवलेल्या त्या पोकळीनेच त्यांना सांभाळून आणले.