विंटेज मोटारींचे पुनर्निर्माण
विंटेज मोटारींचे पुनर्निर्माण म्हणजे जुन्या, खास बनवून घेतलेल्या मोटारी पूर्ववत करणे किंवा त्या धर्तीवर नव्या बांधणे. दोन महायुद्धांच्या दरम्यान महागड्या मोटारींची कंपनी अनेकदा केवळ चासी व इंजिन विकत असे. बॉडी ग्राहकाच्या आवडीनुसार दुसरे कारागीर बांधत. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्या अमेरिकी ड्युसेनबर्गवर १९३६ मध्ये लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवली. एवढ्या लांबलचक मोटारीत आसने दोनच, हा निव्वळ राजेशाही शौक! काही शौकिनांना पहिल्या मालकाने निवडलेले रंग-रूपच प्रमाण वाटते. इतरांना जुन्या चासीवर आपल्या पसंतीची बॉडी चढवणेही परंपरेला धरूनच वाटते. भारतातील २०२१ च्या नियमांनुसार मात्र ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले व मोठे फेरफार न झालेले वाहनच विंटेज म्हणून नोंदवता येते.