सुरतेची मानवधर्म सभा

सुरतेत 22 जून 1844 रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत शिक्षक दुर्गाराम मेहताजी होते, तसेच मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरही होते. दादोबा तेव्हा तिथल्या इंग्रजी शाळेत नोकरीला होते. ईश्वर एक, माणसांचा धर्मही एकच, आणि जातिभेदाला आधार नाही, ही सभेची भूमिका होती. ती उघड बैठकांत मांडली जाई आणि कोणालाही तिच्यावर वाद घालता येई. मंत्रतंत्राचे सामर्थ्य सांगणाऱ्यांना तर प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवण्याचे जाहीर आव्हान दिले गेले. त्या काळात हे धाडस फार मोठे होते.

या वादाला ग्रंथांची जोड होती. दुर्गारामांनी 1842 मध्येच पुस्तक प्रसारक मंडळी काढली होती. सभेची हकीकत आज कळते ती मुख्यतः महीपतराम रूपराम यांनी लिहिलेल्या दुर्गारामांच्या चरित्रामुळे.

दादोबा 1846 मध्ये मुंबईला गेले आणि सभा हळूहळू थंडावली. मुंबईत 1849 मध्ये परमहंस सभा निघाली, तीही दादोबांच्याच पुढाकाराने. मात्र तिचे कामकाज गुप्त चाले. सुरतेचा उघडेपणा तिला पेलला नाही.