मिस्त्रीचा कान आणि इंजिनातील पेटी

श्रोतेहो, गंगाखेडहून लोह्याकडे जाताना पालमच्या आसपास जुनी फटफटी बंद पडली, की मिस्त्री काय करी ते आठवा. प्लग काढायचा, त्याचा रंग पाहायचा, कागदाने घासायचा. मग जेटमध्ये फुंकर, स्क्रू पाव फेरा आत, आणि कान देऊन ऐकायचे. इंजिन सुराला लागले, की झाले!

ही सारी विद्या कार्ब्युरेटरची. पेल्यातील पाण्यात नळी उभी धरून तिच्या तोंडावरून जोराने फुंका. पाणी वर चढून उडते. गुरुजींनी वर्गात हे जरूर करून दाखवावे. इंजिनात हवा अशीच अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि पेट्रोल ओढून घेते. हिशेब ठोकळ, पण हाताने दुरुस्त होणारा. कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी याच विद्येवर मुंबईची टॅक्सी झाली.

मग बदल का झाला? कारण धूर. कॅलिफोर्नियात धुराचे कायदे कडक होऊ लागले, आणि १९६७ साली फोक्सवॅगनच्या मोटारीत बॉश कंपनीची विद्युत-नियंत्रित इंधन-पिचकारी आली. १९७९ साली त्याच कंपनीने पिचकारी आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एका पेटीकडे सोपवला. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण ती राखते. पिचकारीची सुई किती वेळ उघडी ठेवायची हे ती सेकंदाच्या हजाराव्या भागांत ठरवते, आणि धुरात उरलेला प्राणवायू पाहून आपली चूक लगेच सुधारते. कितीही तयार कान असला, तरी त्याला हे कसे जमावे?

आपल्याकडे मात्र गाडी एकदा मागेही फिरली, बरे का! पुण्याच्या बजाजने २००७ साली पल्सर २२० पिचकारीसह काढली. २००९ साली तीच गाडी कार्ब्युरेटर लावून, कमी किमतीत आणली. मला यात नवल वाटत नाही. गिऱ्हाईक किंमत पाहते, धूर शेजारी खातो! म्हणून कायदाच लागला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले, पल्सरला पुन्हा पिचकारी बसली, आणि बहुतेक नव्या फटफट्यांतून कार्ब्युरेटर गेला.

आता बिघाड झाला, की समोर पिवळा दिवा लागतो. पेटी बिघाडाचा आकडा सांगते. तो वाचायचे यंत्र ज्याच्याकडे, त्याच्याकडे गिऱ्हाईक. खेड्यातल्या मिस्त्रीपुढे हा पोटाचा प्रश्न आहे. ते यंत्र आणि ते शिकवणारा माणूस तालुक्यापर्यंत आला पाहिजे, असे माझे मत आहे. कारण आकडा कोणत्या जागी संशय आहे एवढेच सांगतो. तिथली तार उंदराने कुरतडली आहे, हे टाकी उतरवून मिस्त्रीलाच पाहावे लागते.