भोपळ्याच्या सांगडीपासून रबरी होडीपर्यंत

मोहोळहून पुण्याच्या दिशेने निघाले की टेंभुर्णीपलीकडे भीमेवरील उजनी धरण लागते. १९८० साली ते पूर्ण झाले आणि सोलापूरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात मासेमारीचा नवा व्यवसाय उभा राहिला. अलीकडे हौसेने गळ टाकणारे व पाण्यावर विहार करू इच्छिणारे तरुण हवा भरून फुगवावयाच्या होडीची चौकशी करू लागले आहेत. कोणती होडी घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस दुकानापेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट दिसते.

आपल्या नद्यांवर पूर्वी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड असे. भोपळे एकत्र बांधून त्यांच्या आधाराने माणूस पैलतीर गाठी. 'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आपण नित्य करतो, परंतु त्यामागचे पाणी विसरलो आहोत. एक भोपळा फुटला तरी दुसरा तारतो, हे त्या जोडणीतील शहाणपण होते. योनाच्या निनवेपासून जवळच असलेल्या निमरुद येथील इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील शिल्पांत फुगवलेल्या कातड्याच्या आधाराने पोहणारी माणसे कोरलेली आहेत. १५३९ साली चौसा येथे पराभूत झालेला हुमायून एका भिस्त्याच्या मशकीवर गंगा तरून गेला, असे सांगतात. मात्र मशकीत हवेची पोकळी एकच; ती फाटली की सारे संपले.

हा दोष ओळखला तो इंग्रज आरमारातील पीटर हॅल्केट या अधिकाऱ्याने. १८४० नंतरच्या दशकात त्याने रबर लावलेल्या कापडाचा असा झगा तयार केला की, भात्याने हवा भरताच त्याची होडी व्हावी. तिला त्याने चार स्वतंत्र कप्पे ठेवले. पुढे १९५२ साली आलँ बोंबार हा फ्रेंच डॉक्टर अशाच फुगवलेल्या होडीतून एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडून गेला.

म्हणून होडी घेताना रंग व किंमत नंतर पाहावी; आधी कप्पे मोजावेत. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकणाऱ्याचे धाडस मोठे, पण त्याच्याखाली मशकीसारखी एकच पोकळी असते. आपल्याकडचे काठ बाभळीच्या काट्यांनी भरलेले, आणि चिलापीच्या पाठीवरचे काटेही कमी तीक्ष्ण नसतात. तेव्हा तळाचे कापड जाड हवे. सोलापूरच्या उन्हात काठावर ठेवलेल्या होडीतील हवा प्रसरण पावते, म्हणून ती तुडुंब भरून उन्हात ठेवू नये. उलट, थंड पाण्यात उतरवल्यावर ती सैल पडते, तेव्हा पंप सोबत असावा.

गालीलच्या सरोवरावर अवचित उठलेले वादळ शुभवर्तमानातून आपल्या परिचयाचे आहे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती होडी रबरी नव्हती, परंतु वारा होडीची जात विचारीत नाही. फुगवलेली होडी तर वजनाला हलकी. तिला वारा काठापासून सहज दूर नेतो. ज्या घरात अशी होडी येईल, तेथे माणशी एक जीवरक्षक जॅकेट त्याच दिवशी यावे, आणि ते होडीत ठेवण्यासाठी नव्हे, अंगात घालण्यासाठी.