प्राथमिक शिक्षक आणि संगणकीय डेटाबेस : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जनरल रजिस्टर हा प्राथमिक शिक्षकाच्या हातातील सर्वांत परिचित माहितीसंग्रह होय. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा व शाळा सोडल्याचे कारण या नोंदी त्यात होत आल्या. अशा नोंदी संगणकावर गेल्या तेव्हा शिक्षकास कशाचे प्रशिक्षण मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औद्योगिक पट्टा व शाळा

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांचा विस्तार खेड तालुक्यातील चाकणपर्यंत झाला. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कामगारांची मुले या पट्ट्यात शिकतात. भोसरीतील महापालिकेच्या शाळेतून चाकणच्या जिल्हा परिषद शाळेत गेलेले मूल अवघे काही किलोमीटर दूर जाते. परंतु त्याचे प्रशासन व रजिस्टर दोन्ही बदलतात. म्हणूनच येथे नोंदीचा प्रश्न हा मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न ठरतो.

संगणकीय नोंदींचे टप्पे

१९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेला 'क्लास' प्रकल्प माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी होता. प्राथमिक शिक्षक त्याबाहेरच राहिला. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे अनेक शिक्षकांना संगणकाचा परिचय झाला. तथापि तो सर्वसाधारण साक्षरतेचा अभ्यासक्रम होता, अध्यापनाचा नव्हे.

जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून १९९० च्या दशकात 'डायस' ही माहितीप्रणाली उभी राहिली. तिचा घटक शाळा हा होता. ३० सप्टेंबर या संदर्भदिनांकाची पटसंख्या त्या प्रपत्रात भरली जाई. नोव्हेंबरमध्ये पालकांबरोबर निघून गेलेले मूल त्या आकड्यात दिसणे शक्य नव्हते. २०१२-१३ मध्ये 'यू-डायस' आले, तरी हा घटक कायम राहिला.

२०१५ मधील राज्याच्या 'सरल' प्रणालीने मात्र विद्यार्थी हाच घटक मानला. नव्या शाळेने ऑनलाइन मागणी करावी व जुन्या शाळेने ती मान्य करावी, अशी व्यवस्था झाली. २०२२-२३ पासून 'यू-डायस प्लस'मध्येही विद्यार्थीनिहाय माहिती घेतली जाऊ लागली.

प्रशिक्षणाची मर्यादा

घटक बदलला, प्रशिक्षणाचा भर मात्र नोंद भरण्यावरच राहिला. अनेक शाळांत इंटरनेटची सोय नसल्याने शिक्षकांना सायबर कॅफेत बसून माहिती भरावी लागली. परिणामी डेटाबेस म्हणजे वरिष्ठ कार्यालयास द्यावयाची माहिती, हा समज दृढ झाला.

वस्तुतः डेटाबेसचे सामर्थ्य भरण्यात नसून विचारण्यात आहे. कोणत्या महिन्यात मुले शाळा सोडतात? त्यांपैकी किती जणांची मागणी दुसऱ्या शाळेकडून आली? हे प्रश्न शिक्षकानेच विचारावयाचे आहेत. परिसर अभ्यासाच्या तासाला वर्गातील मुलांची जन्मगावे, घरच्या भाषा व पालकांचे व्यवसाय यांचा तक्ता करून त्याचे वर्गीकरण मुलांकडूनच करून घेता येईल.

निष्कर्ष

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार शाळा बदलताना दाखल्यास झालेला विलंब प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. स्थलांतरित मुलाचा हा हक्क प्रत्यक्षात येण्यासाठी त्याची नोंद वाचणारा शिक्षक हवा. म्हणून सेवापूर्व व सेवांतर्गत प्रशिक्षणात माहिती भरण्याइतकेच तिचे वाचन, पडताळणी व वर्गातील उपयोग यांस स्थान देणे अगत्याचे आहे.