शब्दवेध : वेइची, गो आणि कल्प

जगभर ‘गो’ म्हणून खेळला जाणारा खेळ मूळचा चीनचा. तिथे तो वेइची : ‘वेइ’ म्हणजे वेढणं, ‘ची’ म्हणजे पटावरचा खेळ. जपानी उच्चारात त्याचं ‘इगो’ झालं आणि पुढे नुसतं ‘गो’ उरलं. त्याचं त्याहून जुनं नाव ‘यी’; कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात ते येतं. आनयांग इथल्या इ.स. ५९५च्या थडग्यात १९ बाय १९ रेघांचा चिनी मातीचा पट सापडला. आजचा पटही तेवढाच, ३६१ बिंदूंचा.

काळा आधी खेळतो. सोंगटी घरात नव्हे, रेघा छेदतात तिथे ठेवायची. एकदा ठेवली की सरकत नाही. शेजारच्या रिकाम्या बिंदूंनाही चिनीत ‘ची’च म्हणतात, पण ते अक्षर वेगळं, अर्थ श्वास. सगळे श्वास कोंडले की सोंगटी पटावरून उचलली जाते. किती नेमकं नाव!

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो ‘को’चा. मी तुमची एक सोंगटी मारली, तुम्ही लगेच माझी मारली, मी पुन्हा तुमची, तर डाव संपणारच नाही. म्हणून मधे दुसरीकडे एक खेळी करावीच लागते. या पेचाचं अक्षर चिनीत ‘ज्ये’, जपानीत ‘को’. त्याचा जुना अर्थ लुटणं. आणि बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना अनुवादकांनी आपला संस्कृत ‘कल्प’ लिहिण्यासाठी हेच अक्षर निवडलं. ‘कल्पांत’ म्हणताना आपण ज्या अफाट काळाबद्दल बोलतो, तोच हा कल्प.