अळणी भाजीची रात्र

वाका, वाका! या घराची चौकट ठेंगणी आहे, कपाळमोक्ष होईल. वहाणा बाहेरच्या ढिगात सोडा आणि मिळेल तिथे घोंगडीवर टेका. मांडीला मांडी लागेल, शेजारच्या म्हातारबाच्या तंबाखूचा वास नाकात जाईल, कुणाचं तरी पोर तुमच्या पायावर डोकं टाकून पेंगेल. असू द्या.

काळ जुना आहे, कळंबात आहात तुम्ही, आणि घरात अजून वीज नाही. कंदिलाची काच एका बाजूने काजळलेली, म्हणून सगळे उजव्या अंगाला दाटलेत. दारातून मळीचा आंबूस-गोड भपकारा येतोय. पलीकडे वालचंदनगरला कारखान्याचा हंगाम जोरात आहे. उसाच्या गाड्या रात्रीसुद्धा थांबत नाहीत. घुंगरं वाजली की वाचणारी पोरगी आवाज चढवते.

तिच्या मांडीवर ‘श्यामची आई’ आहे. पाठ निघालेली, खळीने डकवलेली. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेलं हे पुस्तक. त्यात धडे नाहीत, ४२ रात्री आहेत. श्याम रोज रात्री गोष्ट सांगतो आणि बाकीचे भोवती बसून ऐकतात. म्हणजे पुस्तकातही अशीच बैठक. म्हणून तर ते एकट्याने मनात वाचायचं कुणाला इथे सुचतच नाही.

आज अळणी भाजी. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील त्याबद्दल चकार शब्द न काढता जेवून उठतात. बायकांमध्ये खसखस पिकते. कोपऱ्यातल्या एका बाप्याकडे सगळ्याजणी वळून बघतात. तो मुंडासं सारखं करत आढ्याकडे बघतो. त्याच्या घरी काय घडलं असेल ते विचारू नका, तुम्हाला कळलंच आहे!

पोरीला झोप आलीय. ती हळूच दोन ओळी गाळून पुढे जाते. तोच भिंतीला टेकलेली आजी म्हणते, “ये बये, मधलं कुठं गेलं गं?”

आजीला अक्षर येत नाही. पण दर श्रावणात देवळात हरिविजयाची पोथी ऐकून तिचे कान तयार झालेत. वाक्य कुठे लंगडलं ते तिला नेमकं समजतं. शिवाय ही गोष्ट तिने गेल्या वर्षीही ऐकलीय. पुढे काय होणार ते ठाऊक आहे, म्हणूनच तर ती पदर सावरून पुढे सरकलीय. मला या बैठकीतली सर्वांत मोठी वाचक तीच वाटते.

पोरगी गाळलेल्या ओळींवर परत येते. आता तिचा घसा बसलाय. कुणीतरी गुळाचा खडा आणि तांब्या पुढे करतं.

“पोर रडत होतं, मला काय ऐकूच आलं न्हाई,” मागून एकजण कुरकुरते. “पहिल्यापासनं वाच की!”

पानं उलटी फिरतात. तुम्ही जरा भिंतीकडे सरका, दारात अजून दोघी आल्यात.